उन्हाळ्याची सुट्टी आणि कपाटाची किल्ली

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार आहे, तुम्हीही काही लिहा, असा निरोप घेऊन समितीची दोन पोरं मिलवर आली तेव्हा मी चाळणीजवळ उभा होतो. अंगावर तुरीची चुनी बसलेली. म्हटलं, "अरे बाबांनो, मी नववीतून शाळा सोडलेला डाळ मिलचा कामगार. आपल्यात प्राध्यापक आहेत, वकील आहेत, त्यांना सांगा." तर म्हणाले, "काका, त्यांचे लेख आले. तुम्ही तुमचं द्या." तेव्हा विहाराची पायाभरणी, वर्गणी, देणगीदार यांचा इतिहास जाणत्यांनी लिहावा. मी विहारातल्या एका कपाटाविषयी लिहितो.

लोखंडी कपाट आहे. तथागतांच्या मूर्तीच्या उजव्या अंगाला, भिंतीला लागून. त्यात पुस्तके आहेत आणि त्याला कुलूप आहे. हे कुलूप मे महिन्याच्या सुट्टीत लेकरांसाठी उघडावे की नाही, यावर मागच्या बैठकीत बराच वाद झाला. एका बाजूचे म्हणणे, ग्रंथ मोलाचे आहेत, लोकांनी दान दिलेले आहेत, पोरं फाडतील, शाईचे डाग पाडतील. दुसऱ्या बाजूला मी आणि महिला मंडळाच्या दोन भगिनी. मला सभेत नीट बोलता येत नाही, राग आला की शब्द सापडत नाहीत. म्हणून जे तिथे बोलायचे राहिले ते इथे लिहितो आहे. वाचकांनी गोड मानून घ्यावे, न पटल्यास तोंडावर सांगावे.

लेकरू आणि वाचनालय यांचा इतिहास कुणी वेगळा लिहून ठेवलेला नाही. पण तो आहे, आणि तो आपल्याच घरातून जातो.

सुरुवात पुण्यापासून करू. १८५० नंतरच्या त्या वर्षांत जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळांतल्या मुलींची परीक्षा होई, मोठे साहेब पाहुणे म्हणून येत, बक्षिसे वाटली जात. अशाच एका समारंभात एका लहान मुलीने पाहुण्यांना सांगितले की आम्हाला खेळणी नकोत, खाऊ नको, आमच्या शाळेला वाचनालय द्या. ही हकीकत फुल्यांच्या कार्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवून ठेवली आहे. त्याच शाळेतली मुक्ता साळवे, मांग समाजातली चौदा वर्षांची पोर. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत छापून आला. शाळेत जाऊन तिला किती वर्षे झाली असतील? तीन. तीन वर्षांत लेकराला अक्षर कळले, अक्षरातून दुःख कळले आणि ते छापून आणता आले. पुढच्या शंभर वर्षांत आमच्या मराठवाड्याच्या खेड्यातल्या किती मुलींना तेवढी तीन वर्षे मिळाली, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे. माझ्या आईला मिळाली नाहीत.

आता मुंबईला येऊ. परळच्या डबक चाळीत सुभेदार रामजी सकपाळ एका खोलीत संसार मांडून होते. त्याच खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत झोपणे. रात्री दोनला वडील भीमरावांना अभ्यासाला उठवायचे. उशाशी जाते, पायथ्याशी बकरी, मध्ये रॉकेलची चिमणी. हे चरित्रातून आपण सर्वांनी वाचलेले आहे, जयंतीच्या भाषणांतून ऐकलेले आहे. पुस्तकासाठी पैसे नसले की रामजीबाबा लग्न झालेल्या लेकींच्या घरी जायचे, त्यांचा दागिना मागून आणायचे, सावकाराकडे ठेवायचे, पुस्तक घ्यायचे आणि पेन्शन आली की दागिना सोडवून परत करायचे. त्या दोन बहिणींची नावे मंजुळा आणि तुळसा. पुस्तकासाठी अंगावरचा दागिना उतरवून देणाऱ्या या बायकांवर कुणी लेख लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.

घरात जागा नाही म्हणून हा मुलगा शाळा सुटल्यावर चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसे. तिथेच कृष्णराव अर्जुन केळूसकर नावाचे गृहस्थ संध्याकाळी वाचायला येत. विल्सन हायस्कूलमधले शिक्षक, लेखक. शिवाजी महाराजांचे मोठे चरित्र लिहिणारे तेच. रोज एक मुलगा पुस्तकात डोके घालून बसलेला दिसतो, बाकीची पोरं खेळतात आणि हा वाचतो, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी जवळ बोलावून चौकशी केली. मुलगा महार आहे हे कळले. कळल्यावर उठून गेले नाहीत. उलट काय वाचतोस ते विचारले, आणि पुढे स्वतःची पुस्तके वाचायला देऊ लागले.

मला या प्रसंगात एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. बाग म्हणजे काही वाचनालय नाही. तिथे कपाट नाही, नोंदवही नाही, वर्गणी नाही. पण लेकरू काय वाचते आहे हे पाहणारा एक मोठा माणूस आणि त्याच्या हातात पुढचे पुस्तक, एवढे तिथे होते.

पुढची हकीकत दोन तऱ्हांनी सांगितली जाते. चरित्रकार सांगतात की १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा सत्कार झाला, सीताराम केशव बोले अध्यक्ष होते आणि केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. पण बाबासाहेबांनी स्वतः १९५६ मध्ये 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी जी प्रस्तावना लिहिली होती, तिच्यात हा सत्कार इंग्रजी चौथी पास झाल्यावरचा आहे. ती प्रस्तावना १९५७ च्या पहिल्या आवृत्तीत छापली गेली नाही, पुढे १९८० मध्ये भगवान दास यांनी ती लोकांपुढे आणली. तिच्यात बाबासाहेब लिहितात की इंग्रजी चौथीपर्यंत पोचलेला आमच्या लोकांतला मी पहिलाच, म्हणून समाजाने सभा घ्यायचे ठरवले. वडिलांनी नको म्हटले, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणाले. तेव्हा मंडळी दादा केळूसकरांकडे गेली, ते वडिलांचे स्नेही होते, त्यांनी मध्यस्थी केली, तेच अध्यक्ष झाले आणि शेवटी पुस्तक दिले. दोन हकीकतींत सुमारे तीन वर्षांचे अंतर पडते. अभ्यासकांनी त्याचा निकाल लावावा. माझे मन प्रस्तावनेकडे झुकते, कारण पासष्टीला टेकलेला, दुखण्याने थकलेला माणूस आयुष्यातला सर्वांत मोठा ग्रंथ लिहून झाल्यावर त्याच्या आरंभी काय सांगतो? लहानपणी मला एका माणसाने एक पुस्तक दिले, हे सांगतो.

त्याच प्रस्तावनेत आणखी एक गोष्ट आहे. रामजीबाबा लेकरांकडून घरी रामायण-महाभारत मोठ्याने वाचून घेत; बहिणी ऐकत, आलेगेले ऐकत, वर्षानुवर्षे. म्हणजे ज्याने पुढे त्या पोथ्यांची चिरफाड केली त्याने त्या आधी मोठ्याने वाचल्या होत्या. लेकराच्या हाती कोणते पुस्तक द्यावे आणि कोणते देऊ नये, यावर आमच्या बैठकीत जे कडाक्याचे मत मांडले गेले, त्यावर हे माझे उत्तर समजावे.

केळूसकर गुरुजींचे ते बुद्धचरित्र १८९८ सालचे, आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी ते लिहिले गेले असे बाबासाहेब नोंदवतात. याच केळूसकरांनी पुढे भीमरावांना सयाजीरावांच्या भेटीला नेले, आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. म्हणून आता बडोद्याला जाणे भाग आहे.

सयाजीरावांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मग त्यांच्या लक्षात आले की पोर चौथी शिकून शाळेबाहेर पडते आणि चार वर्षांत अक्षर विसरते, कारण गावात वाचायला काही नसते. शाळेनंतर वाचनालय पाहिजे. तेव्हा १९१० साली अमेरिकेतून विल्यम बोर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावला. तो तीन वर्षे राहिला. बडोद्यात मोठे मध्यवर्ती ग्रंथालय झाले, राजवाड्यातली हजारो पुस्तके महाराजांनी लोकांसाठी दिली. त्यात मुलांचा वेगळा विभाग होता, बायकांचा वेगळा. लोकांनी स्वतः कपाटाजवळ जाऊन पुस्तक काढून पाहावे अशी पद्धत बोर्डनने घातली. कपाट उघडे! शंभरहून अधिक वर्षांपूर्वीची ही गोष्ट आहे, समितीच्या सदस्यांनी नोंद घ्यावी.

खेड्यांसाठी लाकडी पेट्या केल्या. पेटीत पुस्तके भरायची, रेल्वेने गावी पाठवायची, भाडे सरकारचे. गावाने वाचून परत करायची, दुसरी पेटी मागवायची. गावाला स्वतःचे वाचनालय काढायचे असेल तर जेवढे पैसे लोक जमवतील तेवढेच प्रांत पंचायत देणार आणि तेवढेच सरकार देणार. बोर्डन गेल्यावर हे खाते जनार्दन सखाराम कुडाळकर या आपल्या मराठी माणसाने सांभाळले. मोतीभाई अमीन यांनी गावोगाव फिरून ते रुजवले. ग्रंथालयाचे नियतकालिकही निघत होते, इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत. कुडाळकरांनी १९१९ साली या चळवळीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. बडोद्याबाहेर या माणसाचे नाव किती लोकांना ठाऊक आहे? ग्रंथपालाचे असेच असते. पुस्तक लिहिणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर, विकणाऱ्याचे पावतीवर, आणि हातात देणाऱ्याचे कुठेच नाही.

पण बडोद्याचे गुणगान इथेच थांबवावे लागते. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून याच बडोद्यात नोकरीला आले तेव्हा त्यांना डोके टेकायला जागा मिळाली नाही. पारशी धर्मशाळेतून काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढले. मुंबईची गाडी रात्री होती. तोवर पाच तास ते कामाठी बागेत बसून राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी हे लिहिले आहे. ज्या राज्यात खेड्यात पुस्तकांची पेटी सरकारी खर्चाने जात होती, त्याच राज्याच्या राजधानीत तीच पुस्तके वाचून आलेल्या माणसाला खोली नव्हती. एक बाग चर्नी रोडची आणि एक बाग ही.

मधल्या काळात ते न्यूयॉर्कला होते, १९१३ ते १९१६. त्या देशात मुलांच्या वाचनालयांची चळवळ तेव्हा जोरात होती. क्लीव्हलँड शहरात १८९७ मध्ये ग्रंथालयाने मुलांचा संघ काढला. हात स्वच्छ धुऊन पुस्तक धरायचे, पान दुमडायचे नाही, अशी मुलांची प्रतिज्ञा असे. सुट्टीत मुलांनी वाचावे म्हणून उन्हाळी वाचनाचे वर्ग तिकडे त्याच सुमारास सुरू झाले. हे वाचले तेव्हा मला हसू आले, आणि वाईटही वाटले. तिकडे लेकराने हात धुतले की पुस्तक मिळत होते. आमच्याकडे कितीही धुतले तरी हात तोच राहत होता.

न्यूयॉर्कमध्ये असतानाच बाबासाहेबांना कळले की मुंबईत सर फिरोजशहा मेहतांचे स्मारक म्हणून पुतळा उभारायचे घाटते आहे. १९१६ मध्ये त्यांनी 'बॉम्बे क्रॉनिकल'ला पत्र लिहिले की स्मारकच करायचे तर सार्वजनिक ग्रंथालय करा. पंचविशीतला तरुण, परक्या देशात एक वेळ जेवून राहणारा, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून हजारांनी पुस्तके गोळा करणारा. ती पुस्तकेही पुढे महायुद्धात पाणबुडीने बोट बुडवल्यामुळे समुद्रात गेली. पुतळ्याला माझा विरोध नाही. पुतळ्याच्या वर्गणीच्या पावत्या मीही फाडल्या आहेत, रात्र-रात्र राखण केली आहे. परंतु बाबासाहेबांचे पुतळे बसवणाऱ्या आपण लोकांनी हे पत्र एकदा वाचावे, एवढीच विनंती.

२० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली तेव्हा तिच्या उद्देशांत वसतिगृहांच्या सोबतीने वाचनालये आणि अभ्यासवर्ग काढणे लिहिलेले होते. 'शिका, संघटित व्हा' आपण घोषणेत म्हणतो, पण वाचनालय हा शब्द त्या कागदावर पहिल्यापासून होता. जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह निघाले. तिथल्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय काढले आणि त्याच दमात पोरांचा हॉकी क्लबही काढला. मला हे फार आवडते. लेकराला नुसते पुस्तक देऊन चालत नाही, चेंडूही लागतो, हे त्या लोकांना कळत होते.

सोलापूर आम्हाला जवळ, पण मध्ये निजामाची हद्द होती. इकडे आमच्या भागात सरकारी भाषा उर्दू, मराठी शाळा थोड्या, आणि त्यात आमच्या लेकरांना दाराबाहेर जागा. हैदराबाद संस्थानात जी मराठी वाचनालये निघाली ती लोकांनी सरकारचा रोष पत्करून चालवली, त्यांचे ऋण मान्यच आहे. पण त्या वाचनालयांच्या ओट्यावर आमचे आजे-पणजे चढू शकत होते का, हा प्रश्न विचारल्याशिवाय तो इतिहास पुरा होत नाही. आमच्यासाठी दार उघडले ते १९५० साली, औरंगाबादला, पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या कॉलेजच्या रूपाने, जे पुढे मिलिंद महाविद्यालय झाले. मराठवाड्याच्या खेड्यातून फाटक्या पिशवीत भाकरी बांधून पोरं तिथे गेली आणि लिहिती होऊन बाहेर पडली. पण मिलिंदपर्यंत पोचायला आधी दहावी-अकरावी व्हावे लागते. त्याच्या अलीकडच्या, दहा-बारा वर्षांच्या लेकराचे काय?

कायद्याने काही झाले. १९५५ मध्ये हैदराबाद राज्याने ग्रंथालय कायदा केला, पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आल्यावर १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम लागू झाला. 'गाव तेथे ग्रंथालय' ही घोषणा आपण भिंतीवर वाचलेली आहे. अ, ब, क, ड असे वर्ग पडले, अनुदान आले, हजारो वाचनालये मान्य झाली. मात्र ही वाचनालये सरकारी नाहीत, संस्थांची आहेत. त्यामुळे तिथला ग्रंथपाल सरकारी नोकर नाही. त्याला वेतनश्रेणी नाही. अनुदानातून जे उरेल ते मानधन, तेही वर्षातून दोन हप्त्यांत आले तर आले. समित्या नेमल्या गेल्या, मोर्चे निघाले, हिवाळी अधिवेशनावर धरणी धरली गेली. मिलच्या हमालाला आठवड्याला पगार मिळतो, पुस्तकाच्या हमालाला मिळत नाही. काही वाचनालये कागदावरच चालली, तेही खोटे नाही. पण जी खरी चालली ती अशा एकेका माणसाच्या जिवावर चालली. त्यातला एक मी पाहिला आहे.

साल १९८१. लातूर जिल्हा व्हायचा होता, जळकोटला तालुका व्हायला तर अजून कितीतरी वर्षे होती. मी सहावी पास होऊन सातवीत जाणार होतो. वडील सालगडी. उन्हाळ्यात मामाच्या गावी, एका बाजारपेठेच्या गावी, मला पाठवले कारण तिथे आडतीवर सांडलेली ज्वारी झाडून आणता यायची. त्या गावात एका भाड्याच्या खोलीत वाचनालय होते. गावाचे, वाचनालयाचे आणि त्या माणसाचे नाव मी लिहीत नाही. त्याची मुले-नातवंडे आहेत, त्यांना विचारल्याशिवाय लिहू नये. आम्ही त्याला लायब्ररीवाले मामा म्हणायचो. ते आपल्या समाजाचे नव्हते.

मी दारात उभा राहून आत बघायचो. दुपारच्या एस.टी.ने दैनिक 'मराठवाडा' यायचा, म्हातारी माणसे पानं वाटून घ्यायची. तिसऱ्या दिवशी मामांनी विचारलं, "काय रं, पेपर पाहिजे का?"

"न्हाई."

"मग?"

मी बोट दाखवलं. कपाटात 'चांदोबा'चे जुने अंक रचलेले होते. वरच्या अंकावर वेताळाचे चित्र होते.

"अनामत पाच रुपये हाय. आन वर्गणी."

पाच रुपये म्हणजे त्या वेळी बापाची दीड-दोन दिवसांची मजुरी. मी निघालो. तर मामांनी हाक मारली आणि नोंदवहीत माझे नाव लिहिले, त्यापुढे जामीन म्हणून स्वतःचे. म्हणाले, "आज एकच न्यायचं. उद्या सकाळी आठला यायचं, वाचलेलं सांगायचं, मग दुसरं."

दुसऱ्या दिवशी आठला गेलो तर मी एकटा नव्हतो. पंधरा-वीस पोरं, चार-पाच मुली. मामांची ही दर उन्हाळ्याची रीत होती. वाचनालय संध्याकाळचे, पण सुट्टीत ते सकाळी आठ ते दहा पोरांसाठी उघडायचे. त्याचे त्यांना काही मिळत नव्हते. आधी प्रत्येकाने काल वाचलेले सांगायचे. सगळी गोष्ट नाही, एकच गोष्ट सांगायची जी आवडली किंवा पटली नाही. कुणी नुसते "छान होतं" म्हटले की मामा म्हणत, "छान तर गुलगुलेबी असतात." मग एक जण मोठ्याने वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचे. ज्याला नीट वाचता येत नाही त्याला शब्द अडला की कुणी हसायचे नाही, हसला त्याला त्या दिवशी पुस्तक नाही. शनिवारी फाटलेली पुस्तके दुरुस्त करायची. मैद्याची खळ शिजवायची, पुठ्ठा कापायचा, पाठीला कापड लावायचे, वर्तमानपत्राचे कव्हर घालायचे. मी आयुष्यात पहिल्यांदा पुस्तक आतून बघितले ते असे, दोऱ्याने शिवलेले. ज्या पुस्तकाला आपण खळ लावली ते आपण फाडत नाही. बैठकीत "पोरं फाडतील" म्हणणाऱ्यांना मी हे सांगणार होतो.

'चांदोबा' संपले तसे 'किशोर' दिले. मग 'श्यामची आई'. ती वाचून मी रडलो नाही, आणि तसे सांगितले. म्हटलं, त्यांच्या घरी भात होता. पोरं हसली. मामा हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी खालच्या कप्प्यातून बाबासाहेबांचे एक बारके चरित्र काढून दिले, सत्तर-ऐंशी पानांचे. आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो होता, पुस्तक नव्हते. त्यात गोणपाटावर बसलेला मुलगा होता. ते मी परत द्यायला दोन दिवस उशीर केला. मामांनी दंड लावला नाही, विचारलंही नाही.

मग एक दिवस समितीचे कुणी सकाळी आले. वस्तीतली पोरं ओट्यावर बसलेली पाहिली. त्यांनी मामांना बाजूला घेतले, पण आवाज येत होता. पुस्तकं मळतात, म्हणाले. मामा म्हणाले, "मळतं म्हणजे कुणीतरी धरतंय, साहेब. वाळवीनं खाल्लेली सव्वीस पुस्तकं मी परवा बाहेर काढली. एकाचंबी पान मळलेलं नव्हतं." त्यानंतर सकाळचे वाचन बंद पडले नाही. मात्र पुढच्या वर्षी मी गेलो तेव्हा मामा नव्हते, नवा माणूस होता, आणि सकाळी कुलूप होते. काय झाले ते मला कुणी सांगितले नाही. मी मोठा झाल्यावर शोधायला गेलो तेव्हा मामा वारले होते.

एका उन्हाळ्यात मी चौतीस पुस्तके वाचली, मामांनी नोंदवहीत मोजून दाखवली होती. नववीत शाळा सुटली. मिलमध्ये बारदान उचलू लागलो. पण वाचन सुटले नाही, आणि आज या कागदावर जी काही मोडकीतोडकी वाक्ये उतरत आहेत ती त्या चौतीसांचे व्याज आहे.

आता आपल्या जळकोटकडे येऊ. आपला भाग डोंगराळ, जमीन हलकी, पाणी कमी. दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेले लोक ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला जातात, कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी कर्नाटकात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. लेकरं मागे आजीजवळ राहतात किंवा सोबत कोपीवर जातात; मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, पाणी भरते, चूल पेटवते. शाळेच्या पटावर नाव राहते. कारखान्याचा पट्टा पडला की मार्च-एप्रिलमध्ये ही माणसे परत येतात. लेकरू शाळेत जाऊन बसते न बसते तोच परीक्षा, आणि मेच्या आरंभी सुट्टी. जूनच्या मध्यावर शाळा उघडते. म्हणजे बघा, इतर लेकरांसाठी उन्हाळा ही सुट्टी आहे. ऊसतोड्याच्या लेकरासाठी वर्षातला हाच काळ असा की ते गावात आहे, मोकळे आहे आणि त्याची शाळा बंद आहे.

ही गोष्ट माझ्या लक्षात दोन उन्हाळ्यांपूर्वी आली. विहारात सकाळची वंदना झाल्यावर मी पेपर वाचत बसलो होतो. एक नऊ-दहा वर्षांची मुलगी कडेवर भाऊ घेऊन कपाटाच्या काचेला नाक लावून उभी होती. पुस्तकांच्या पाठीवरची नावे एकेक अक्षर जुळवून वाचत होती. "भ... ग... वा... न..." मी विचारलं, "कितवीला ग?" म्हणाली, "चवथीला. पर दिवाळीपासून गेले न्हाई." मग म्हणाली, "आजोबा, ह्याच्या आत बी अक्षरं हायत का?" तिने पुस्तक बाहेरूनच पाहिले होते. शाळेतली पुस्तके कोपीवर नेली ती पावसात भिजली, असे ती म्हणाली. किल्ली माझ्याजवळ नव्हती. ज्यांच्याजवळ होती ते लग्नाला गेले होते.

त्या दिवशी मी घरून माझ्या नातवाचे एक चित्रांचे पुस्तक आणून दिले. ती दुसऱ्या दिवशी परत घेऊन आली, सोबत आणखी तिघे.

तेव्हा समितीपुढे माझे म्हणणे असे. मूळ ग्रंथ, बाबासाहेबांचे खंड, त्रिपिटकाचे अनुवाद वरच्या दोन कप्प्यांत ठेवा, त्यांना हवे तर कुलूप राहू द्या. खालचे दोन कप्पे लेकरांचे करा, काच काढून टाका. मी माझ्या पदराने आणि मिलमधल्या चौघांच्या वर्गणीने साठ-सत्तर पुस्तके जमवली आहेत. त्यात 'किशोर'चे जुने अंक आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची चित्रांची पुस्तके आहेत, फुल्यांचे, सावित्रीमाईंचे, बाबासाहेबांचे लहान चरित्र आहे, जातकातल्या गोष्टी आहेत, भूतवेताळाच्याही गोष्टी आहेत. भूत या शब्दावर बैठकीत आक्षेप आला. येऊ द्या. मी 'चांदोबा'तल्या वेताळाच्या मागे मागे बाबासाहेबांपर्यंत गेलो.

नोंदवही चाळीस पानी आणली आहे. अनामत नाही. जामिनाच्या रकान्यात माझे नाव लिहायला हरकत नाही. महिला मंडळाच्या एका भगिनीने मोठ्याने वाचून घ्यायचे कबूल केले आहे, तिचा आवाज माझ्यापेक्षा चांगला आहे. मे महिन्यात मिलला तुरीचा भर कमी होतो, मी दुपारची पाळी मागून घेतली आहे. सकाळी साडेसात ते दहा मोकळा आहे. उन्हं चढायच्या आत लेकरं घरी गेली पाहिजेत.

फक्त किल्लीची दुसरी जोड करून द्यावी. बाजारात तीस-चाळीस रुपयांत होते, ते पैसेही मी देतो.